कपाळातून रक्त येतंय आणि रिपोर्ट नॉर्मल आहेत, मग पुढे काय?

प्रश्न थोडक्यात असा आहे. चोपडा तालुक्यातले एक मामा लिहितात की त्यांच्या १३ वर्षांच्या भाचीच्या कपाळातून, डोळ्यांच्या कडांतून आणि एकदा कानातून, दीड महिन्यात सहा वेळा रक्त आलं. जखम कुठेच दिसत नाही. पाच-दहा मिनिटांत आपोआप थांबतं. सीबीसी, म्हणजे रक्तातल्या पेशी मोजायची तपासणी, नॉर्मल आहे. रक्त थांबायच्या गोळ्या देऊन झाल्या, फरक नाही. घरातली मोठी माणसं म्हणतात, "हाई बाहेरनं शे," म्हणजे हे बाहेरचं, भूतबाधेचं आहे, आणि भगताकडे न्यायचं घाटतंय. मामांनी मोबाइलवर 'रक्ताचा घाम' असं काहीतरी वाचलं. ते विचारतात: असा आजार खरंच असतो का, पोरीच्या जिवाला धोका आहे का, आणि दाखवायचं कुठे?

भाऊ, रक्ताचा घाम खरंच असतो. वैद्यकात त्याला हेमॅटोहायड्रोसिस म्हणतात. कुठेही न फाटलेल्या, न खरचटलेल्या कातडीतून रक्त किंवा रक्त मिसळलेलं पाणी बाहेर येतं. कपाळ, गाल, डोक्याची कातडी, डोळे, कान, नाक, बेंबी, तळहात या त्याच्या नेहमीच्या जागा. काही मिनिटं चालतं, थांबतं, आणि पुसल्यावर खालची कातडी साफ असते. आजवर नोंद झालेल्यांत लहान मुली आणि तरुण बायका जास्त आहेत. असं जाणारं रक्त फार थोडं असतं आणि त्याने जिवावर बेतत नाही. घरातल्यांना आज रात्री झोप लागावी म्हणून हे आधी सांगतोय.

मात्र तुमच्या भाचीला तेच आहे का, हे लांबून सांगता येत नाही. हा आजार इतका दुर्मिळ आहे की चेहऱ्यावर रक्त दिसणाऱ्या मुलांत दुसरी कारणं कितीतरी जास्त वेळा सापडतात, आणि त्यातली काही धोक्याची असतात. म्हणून हे नाव शेवटी लावायचं असतं. आधी चार गोष्टींचा निकाल लागला पाहिजे. जे येतंय ते रक्तच आहे का? ते तिचंच आहे का? ते धड कातडीतून येतंय का? आणि तिचं रक्त गोठायची यंत्रणा ठीक आहे का? तुमच्याकडे सध्या फक्त सीबीसी आहे, म्हणजे चौथ्या प्रश्नाचं अर्धंमुर्धं उत्तर. बाकी तीन प्रश्न अजून कोणी विचारलेलेच नाहीत.

पुढचं वाचण्याआधी एक गाळणी लावून घ्या. चेहऱ्याबरोबर हिरड्यांतून किंवा लघवीतून रक्त येत असेल, शी डांबरासारखी काळी होत असेल, अंगावर मोहरीएवढे लाल-जांभळे ठिपके उठले असतील आणि काचेचा ग्लास दाबूनही ते फिके पडत नसतील, ताप असेल, डोक्याला मार लागला असेल, पोरगी सुस्त किंवा पांढरीफटक दिसत असेल, किंवा एकाच जागचं रक्त अर्ध्या तासात थांबत नसेल, तर हे उत्तर बाजूला ठेवा आणि १०८ बोलवा. डेंग्यू, प्लेटलेट एकदम खाली जाणं, घरातलं उंदराचं औषध पोटात जाणं ही सगळी कारणं दवाखान्यात तपासावी लागतात. उंदराच्या काही औषधांचं तर असं आहे की रक्त जायला दोन-तीन दिवसांनी सुरुवात होते आणि परिणाम कित्येक आठवडे टिकतो, त्यामुळे लोकांना संबंधच लागत नाही.

शेतात, गोठ्यात, कापसाच्या ढिगाजवळ काही चावल्याची शंका असेल तर त्याहून घाई करा. घोणस आणि फुरसं यांच्या विषाने रक्त गोठेनासं होतं, आणि फुरशाचा दंश कधीकधी काटा टोचल्यासारखा वाटून सोडून दिला जातो. दवाखान्यात त्यासाठी एक साधी चाचणी आहे: शिरेतलं २ मिली ताजं रक्त स्वच्छ, कोरड्या, काचेच्या नळीत घ्यायचं, २० मिनिटं न हलवता ठेवायचं आणि मग एकदाच तिरपं करून बघायचं. पाण्यासारखं वाहिलं तर गोठलेलं नाही. नळी प्लास्टिकची किंवा साबणाने धुतलेली असेल तर चाचणी फसते, म्हणून नवी काचेचीच हवी. सहा वेळा येऊन दहा मिनिटांत थांबणाऱ्या तुमच्या भाचीच्या त्रासाशी हे जुळत नाही. पण हे वाचणाऱ्या दुसऱ्या कोणाच्या घरी जुळू शकतं.

आता पहिला प्रश्न, हे रक्तच आहे का. हसण्यावारी नेऊ नका. टीबीच्या औषधातल्या रिफॅम्पिसिनने घाम, अश्रू, थुंकी आणि लघवी नारिंगी-लाल होते. टीबी रुग्णाच्या घरातल्या मुलांना प्रतिबंधक म्हणून जी औषधं देतात त्यातल्या काहींनीही तसंच होतं. कुष्ठरोगाच्या औषधांतल्या क्लोफॅझिमिनने घाम लालसर होतो आणि कातडी तांबूस-काळी पडते. धुळे, जळगाव, नंदुरबार या आपल्या तिन्ही जिल्ह्यांत ही औषधं घेणारी माणसं कमी नाहीत, म्हणून "कुठली गोळी चालू आहे" हा प्रश्न मी सगळ्यात आधी विचारतो. काही जंतू असे आहेत की ते कातडीवर वाढले की घामाला गुलाबी-लाल रंग येतो. बनियनच्या काखेत लाल डाग दिसतो तो बऱ्याचदा यातला. नव्या ओढणीचा रंग, कुंकू, गुलाल हे घामात उतरलं तरी फोटोत रक्तच वाटतं. क्रोमहायड्रोसिस नावाचा आणखी एक वेगळा आजार आहे, त्यात घाम पिवळा, हिरवा, निळा किंवा काळा येतो. त्याचा रक्ताशी काहीही संबंध नाही.

रक्त आहे हे सिद्ध करायला मोठी मशीन लागत नाही. गावातल्या लॅबवाल्याकडून काचेच्या चार कोऱ्या स्लाइड आणून घरात ठेवा. रक्त आलं की त्याच्या थेंबाला स्लाइड टेकवायची, दुसऱ्या स्लाइडच्या कडेने पातळ पसरवायची, वाळू द्यायची आणि कागदाच्या पाकिटात ठेवायची. प्लास्टिकच्या पिशवीत ओल धरते आणि पेशी खराब होतात. मायक्रोस्कोपखाली तांबड्या पेशी दिसल्या की पहिला प्रश्न संपला. लघवी तपासायच्या पट्टीवरचा रक्ताचा चौकोनही त्या थेंबाने रंग बदलतो. पण आधी बीटाडीन लावलं असेल तर पट्टी खोटंच 'आहे' म्हणते, म्हणून स्लाइडवर माझा जास्त भरवसा.

दुसरी तयारी व्हिडिओची. रक्त येणं डॉक्टरसमोर सहसा घडत नाही. ओपीडीत आली की कपाळ कोरडं असतं. म्हणून रक्त सुरू झालं की दिवसाच्या उजेडात, मोबाइलच्या मागच्या कॅमेऱ्याने, एकसलग, मध्ये न तोडता चित्रण करा. आधी आहे तसं दाखवा, मग साध्या पाण्याने ओल्या केलेल्या कापसाने पुसा आणि कॅमेरा न हलवता त्याच जागेवर दोन मिनिटं धरून ठेवा. आम्हाला नेमकं तेच बघायचं असतं. खरा रक्ताचा घाम असेल तर पुसल्यावर थोड्या वेळात छिद्रांच्या तोंडाशी खसखशीएवढे लाल ठिपके उगवतात, ते एकमेकांना मिळतात आणि मग ओघळ होतो. जखम असेल तर रक्त एका रेघेतून किंवा एकाच बिंदूतून येतं. आणि पुसल्यावर परत काहीच आलं नाही, तर ते रक्त दुसरीकडून तिथे लागलेलं असू शकतं. व्हिडिओ डॉक्टरला दाखवायला आहे. नातेवाइकांच्या ग्रुपवर टाकू नका. १३ वर्षांची पोरगी उद्या शाळेत जाणार आहे.

रक्त येत असताना तिला टेकून बसवा, भोवतीची गर्दी हटवा आणि एकाच माणसाने, हळू आवाजात बोलावं. हळद, चुना, कॉफी, तुरटी, राख काहीही लावू नका. त्याने जागा झाकली जाते आणि कातडी भाजू शकते. घासू नका. घड्याळ बघून किती मिनिटं चाललं ते लिहा. किती रक्त गेलं हे समजायला सोपी युक्ती आहे: सोनाराकडे असतो तसा छोटा काटा घरी असेल तर कोरडा कापूस आणि भिजलेला कापूस दोन्ही तोला. १ ग्रॅम वाढला म्हणजे साधारण १ मिली. घाबरलेल्या घराला वाटीभर वाटतं, काट्यावर ते अनेकदा दोन-चार मिली भरतं, कारण चेहऱ्यावर घामात आणि अश्रूंत मिसळलेलं रक्त फार पसरतं. यावरून पुढे एक महत्त्वाची गोष्ट कळते. हिमोग्लोबिन तीन महिन्यांत १२ वरून ९ वर आलं असेल, तर चेहऱ्यावरचे ते चार मिली त्याचं कारण होऊ शकत नाहीत. मग पाळीत जास्त जातंय का, पोटातून जातंय का, जंत आहेत का, हे शोधावं लागतं.

तिसरा प्रश्न, धड कातडीतून येतंय का. इथे नाक, कान, डोळे नीट बघून घेतल्याशिवाय पुढे जायचं नाही. आपल्याकडे चैत्र-वैशाखात पारा ४४-४५ ला टेकतो, नाकाची आतली कातडी सुकते आणि घोळणा फुटतो. डोळ्यातून नाकात उतरणारी अश्रूंची नळी असते हे बऱ्याच जणांना माहीत नसतं. घोळणा फुटल्यावर नाक घट्ट दाबलं की रक्त त्याच नळीतून उलटं वर चढून डोळ्यांच्या कडेला येऊ शकतं. बघणाऱ्याला ते रक्ताचे अश्रू वाटतात. घोळण्यावर उपाय एवढाच: डोकं पुढे झुकवून, नाकाचा मऊ भाग सलग १० मिनिटं दाबायचा, मध्ये सोडून बघायचं नाही. मान मागे टाकली तर रक्त घशात जातं आणि मग उलटीतून बाहेर येतं, तेव्हा घर आणखी घाबरतं. नाक दाबताना डोळ्यात थोडं आलं तर भिऊ नका, पण डॉक्टरला ते आवर्जून सांगा. डोळ्याच्या डॉक्टरांनी पापणी उलटी करून बघणं, कान-नाक-घशाच्या डॉक्टरांनी कानाचा पडदा आणि नाकाचा आतला भाग दुर्बिणीने बघणं, या दोन तपासण्या स्वस्त आहेत आणि त्यातून बरंच काही सुटतं.

चौथा प्रश्न रक्त गोठण्याचा, आणि सगळ्यात जास्त चुका मला इथेच दिसतात. सीबीसीत प्लेटलेटची संख्या कळते. त्या काम करतात की नाही हे कळत नाही. म्हणून सीबीसीबरोबर स्मिअर (रक्त काचेवर पसरून पेशी बघणं), पीटी आणि एपीटीटी (रक्त गोठायला किती वेळ लागतो ते), फायब्रिनोजेन (गोठायला लागणारं प्रथिन), लिव्हर आणि किडनीच्या तपासण्या एवढा पहिला संच हवा. पीटी-एपीटीटीचं रक्त निळ्या टोपणाच्या ट्यूबमध्ये घेतात. त्यात रक्त गोठू न देणारं सायट्रेट असतं, आणि नऊ भाग रक्ताला एक भाग सायट्रेट हे प्रमाण सांभाळलं तरच उत्तर बरोबर येतं. लहान मुलीची शीर सापडत नाही, ट्यूब खुणेपर्यंत भरत नाही, तरी रक्त पुढे पाठवलं जातं. मग एपीटीटी खोटाच वाढलेला येतो आणि घरावर हिमोफिलियाचं, म्हणजे रक्त नीट न गोठण्याच्या जन्मजात आजाराचं, सावट येतं. रिपोर्ट बिघडलेला आला तर औषध सुरू करण्याआधी ट्यूब खुणेपर्यंत भरून तीच तपासणी परत करून घ्या. प्लेटलेटचंही तसंच. जांभळ्या टोपणाच्या ट्यूबमध्ये काहींच्या प्लेटलेट एकमेकींना चिकटतात, मशीन कमी मोजतं आणि स्मिअर बघितला की त्या पुरेशा असल्याचं दिसतं.

आणि हे सगळं नॉर्मल आलं तरी तीन आजार निसटू शकतात. एक, सौम्य व्हॉन विलेब्रँड आजार. त्यात रक्त थांबवायला मदत करणारा एक घटक कमी असतो, पण तो ताणात, तापात तात्पुरता वाढतो, म्हणून एकदा नॉर्मल आला तरी संशय असल्यास पुन्हा तपासावा लागतो. दुसरा ग्लान्झमन, ज्यात प्लेटलेट संख्येने ठीक पण एकमेकींना धरत नाहीत. नात्यात लग्नं होणाऱ्या घरांत तो जास्त सापडतो, म्हणून आई-वडील नात्यातले आहेत का हे डॉक्टर विचारतात, त्यात राग मानायचं काही नाही. तिसरा, रक्ताची गाठ पक्की करणाऱ्या फॅक्टर १३ या घटकाची कमतरता; त्यात पीटी आणि एपीटीटी दोन्ही नॉर्मल येतात आणि वेगळी चाचणी मुद्दाम मागावी लागते. लहानपणापासून सहज निळे डाग पडणं, दात पडल्यावर किंवा कान टोचल्यावर रक्त लवकर न थांबणं, जन्मानंतर नाळेतून रक्त गेलेलं असणं, पाळी सात दिवसांपेक्षा जास्त चालणं, यातलं काही असेल तर या तीन तपासण्या टाळू नका. यातलं काहीच नसेल, आणि दीड महिन्यापूर्वीपर्यंत पोरगी ठणठणीत असेल, तर शक्यता बरीच खाली येते.

नंदुरबार आणि सातपुड्याच्या पट्ट्यात सिकलसेल या तांबड्या पेशींच्या जन्मजात आजाराची तपासणी होते. ती करून घ्यावीच, पण सिकलसेल निघाला म्हणून चेहऱ्यातल्या रक्ताचं कोडं सुटलं असं समजू नका. त्याने असं रक्त येत नाही.

राहिला दुसरा प्रश्न, रक्त तिचंच आहे का आणि ते कसं आलं. तो शेवटी घेतोय, कारण यावर फार जपून बोलावं लागतं. काही मुलं नखाने, पिनेने, ब्लेडच्या तुकड्याने बारीक टोचून घेतात. काही नाकातलं किंवा हिरडीतलं रक्त चेहऱ्याला लावतात. क्वचित घरातलं मोठं माणूसच ते करत असतं. हे तपासायची रीत आहे. नखं कापायची, कातडी भिंगातून बघायची, आणि कपाळाच्या एका भागावर पारदर्शक चिकटपट्टीचं ड्रेसिंग लावून दोन-तीन दिवस वॉर्डात ठेवून निरीक्षण करायचं. बंद ड्रेसिंगच्या आत रक्त उगवलं तर ते आतूनच आलं. गरज पडली तर रक्त माणसाचं आहे का आणि तिचंच आहे का हेही लॅबमध्ये ठरवता येतं.

समजा, पोरगी स्वतःच करतेय असं निघालं. मग चार लोकांत "नाटक करतेस" म्हणून तिला उघडं पाडू नका. जी १३ वर्षांची मुलगी स्वतःला टोचून घेते ती मोठ्या अडचणीत असते. शाळेत कोणी छळतंय का, घरात मारहाण आहे का, लग्नाची बोलणी सुरू झालीत का, कोणी अंगाला हात लावतंय का, हे तिला एकटीला, महिला डॉक्टर किंवा सिस्टर सोबत असताना विचारावं लागतं. आई-वडिलांनी त्या वेळी बाहेर थांबावं. लैंगिक अत्याचाराची माहिती मिळाली तर २०१२ च्या पोक्सो कायद्याने ती कळवणं बंधनकारक आहे, डॉक्टरलाही. मुलांसाठी १०९८ हा नंबर चोवीस तास चालतो.

चारही प्रश्नांची उत्तरं लागली, रक्त खरं, तिचंच, धड कातडीतून, गोठण व्यवस्थित, तरच हेमॅटोहायड्रोसिस म्हणायचं. आता ते होतं कसं? पूर्वीपासूनचं स्पष्टीकरण असं की घामाच्या ग्रंथींभोवती केसासारख्या बारीक रक्तवाहिन्यांचं जाळं असतं. भीती किंवा तीव्र ताण आला की शरीराची 'पळा किंवा लढा' यंत्रणा त्या आवळते, मग त्या एकदम फुगतात आणि फुटतात. रक्त घामाच्या नळीत शिरतं आणि घामाबरोबर वर येतं. पण थायलंडमधल्या एका मुलीच्या कातडीचा तुकडा तपासला तेव्हा घामाच्या ग्रंथी ठीक होत्या, आणि रक्ताने भरलेल्या पोकळ्या केसांच्या मुळांच्या नळीत उघडताना दिसल्या. म्हणून सगळ्यांत एकच वाट असेल असं मी मानत नाही. त्या पोकळ्या रक्त थांबल्यावर मिटतात, त्यामुळे मधल्या काळात घेतलेली बायॉप्सी बहुधा नॉर्मल येते. चेहऱ्यावर कायमचा व्रण ठेवून असा नॉर्मल रिपोर्ट घेण्यात मला अर्थ दिसत नाही. निदान अडलेलं असेल आणि रक्त चालू असतानाच तुकडा घेता येत असेल, तर गोष्ट वेगळी.

१९९६ मध्ये अशा ७६ रुग्णांच्या नोंदी एकत्र तपासून कारणांचे गट पाडले गेले: शरीरातला दुसरा आजार, पाळीशी जोडलेलं रक्त, अतिश्रम, मनावरचा आघात, आणि न सापडलेलं कारण. त्यात तीव्र भीती आणि खोल चिंतन ही कारणं सगळ्यात जास्त वेळा दिसली. म्हणून मी वही ठेवायला सांगतो. तारीख, वेळ, जागा, मिनिटं, त्याआधीच्या दोन तासांत काय झालं, झोप किती, डोकं दुखत होतं का, आणि पाळीची तारीख. सहा नोंदींतून काही दिसत नाही, पंधरा झाल्या की बऱ्याचदा घडी बसते: परीक्षा, भांडण, ऊन, पाळीआधीचे दोन दिवस.

पण ताणच सापडला पाहिजे असा हट्ट धरू नका. २०१७ मध्ये कॅनडाच्या वैद्यकीय नियतकालिकात इटलीतल्या फ्लॉरेन्सच्या डॉक्टरांनी २१ वर्षांच्या एका तरुणीची नोंद छापली. तीन वर्षं तिच्या तळहातांतून आणि चेहऱ्यातून रक्त येत होतं, एकेका वेळी एक ते पाच मिनिटं. ताणात जास्त यायचं हे खरं, पण झोपेत आणि अंगमेहनत करतानाही यायचं. लाजेपोटी ती माणसांत मिसळेनाशी झाली होती. भारतातूनही, मुंबईतूनसुद्धा, अशा रुग्णांच्या नोंदी छापून आलेल्या आहेत.

उपचाराबद्दल स्पष्ट सांगतो. या आजारावर मोठ्या संख्येने रुग्ण घेऊन केलेले प्रयोग नाहीत, जे आहे ते एकेका रुग्णाच्या अनुभवातून आलेलं आहे. त्यात सगळ्यात जास्त वापरलेलं औषध प्रोप्रॅनोलॉल. छातीत धडधड होते तेव्हा देतात तेच. ते 'पळा किंवा लढा' यंत्रणेचा जोर कमी करतं. ३५-४० किलोच्या मुलीला १० मिलिग्रॅम दिवसातून दोनदा अशी लहान सुरुवात करून नाडी आणि बीपी बघत वाढवता येतं. दमा असेल तर हे औषध चालत नाही. घरात कोणाला दमा आहे, पोरीला कधी वाफ द्यावी लागली का, हे आठवून सांगा. रिकाम्या पोटी साखर खाली जाऊ शकते, म्हणून जेवणाबरोबरच द्यायचं, आणि औषध चालू असताना तिला उपवास करायला लावू नका. फरक वाटला म्हणून एका दिवसात बंद करायचं नाही, हळूहळू उतरवायचं. मेडिकलमधून परस्पर आणून सुरू करायचं तर मुळीच नाही. याने अनेकांचे प्रसंग खूप कमी होतात. सगळ्यांचे पूर्ण थांबतात असं नाही. फ्लॉरेन्सच्या त्या तरुणीचंही रक्त कमी झालं, पूर्ण बंद झालं नाही.

याच्या जोडीने समुपदेशन हवं. इथे गैरसमज होतो: "मानसोपचाराकडे पाठवलं, म्हणजे पोरगी वेडी किंवा खोटी." भीतीने घाम फुटतो, लाजेने गाल लाल होतात, तेव्हा कोणी त्याला नाटक म्हणत नाही, इथेही शरीरच करतंय. श्वासाचे व्यायाम, झोपेची वेळ, शाळेतल्या अडचणीवर बोलणं, आणि खरोखर चिंता किंवा नैराश्याचा आजार असेल तर त्याची औषधं, हे मानसोपचारतज्ज्ञ ठरवतील. लगेच कोणी भेटत नसेल तर टेली-मानसचा १४४१६ हा सरकारी नंबर फुकट आहे.

तुम्ही दिलेल्या रक्त थांबायच्या गोळ्यांबद्दल लिहिलंत. गोठण नॉर्मल असेल तर त्यांनी इथे काही होत नाही, आणि पीटी नॉर्मल असताना व्हिटॅमिन के ची इंजेक्शनंही वाया जातात. दहा मिनिटांत आपोआप थांबणारं रक्त कुठल्याही गोळीने 'थांबल्यासारखं' वाटतं, त्यावरून गोळीला गुण देऊ नका. लोहाच्या गोळ्या फेरिटिन, म्हणजे शरीरातला लोहाचा साठा, कमी असेल तरच.

आता भगताचं. घरच्यांची श्रद्धा मी मोडायला सांगत नाही. देवाला नारळ फोडून, कानबाईला नवस बोलून दवाखान्यात या. पण पोरीला उपाशी ठेवणं, मिरचीची धुरी, चटके, मार, रात्रभर घुमवणं यातल्या एकाही गोष्टीला 'हो' म्हणू नका. ज्या आजारात भीतीने रक्त वाढतं, त्यात भीतीचाच उपचार केला तर रक्त वाढणार, आणि वाढलं की 'बाहेरचं' पक्कं झालं असं सगळे म्हणणार. अशा अघोरी उपायांवर महाराष्ट्रात २०१३ पासून कायदाच आहे. उलट बाजूही सांभाळा. काही ठिकाणी अशा मुलीला देवी मानून पाया पडायला रांग लागते. आज देवी म्हणणारे उद्या डाकीण म्हणायला कचरत नाहीत, आणि दोन्हीत पोरीची शाळा सुटते. शाळेत वर्गशिक्षिकेला एकट्याने भेटून सांगा: संसर्गजन्य नाही, आलं तर स्टाफरूममध्ये बसवा, ओल्या रुमालाने पुसा, दहा मिनिटांनी वर्गात पाठवा.

दाखवायचं कुठे? धुळे, जळगाव आणि नंदुरबार, तिन्हीकडे शासकीय वैद्यकीय महाविद्यालयं आहेत. मी तिथे सुचवतो कारण त्वचारोग, कान-नाक-घसा, डोळे, बालरोग आणि मानसोपचार हे सगळे विभाग एका आवारात मिळतात, आणि निरीक्षणासाठी दाखल करायचीही सोय असते. तुम्हाला जळगाव जवळ पडेल. सुरुवात बालरोग किंवा त्वचारोगाच्या ओपीडीत करा. वर सांगितलेल्या खास तपासण्यांची गरज पडली तर मुंबईत परळला केईएमच्या आवारात रक्तविकारांची राष्ट्रीय संशोधन संस्था आहे. प्लेटलेट काम करतात की नाही ही तपासणी रक्त काढल्यापासून साधारण चार तासांत व्हावी लागते, त्यामुळे इथून रक्ताची बाटली पाठवून चालत नाही, पोरीलाच न्यावं लागतं. जायच्या आधीचे दहा दिवस अ‍ॅस्पिरिन, ब्रुफेनसारख्या दुखण्याच्या गोळ्या आणि गावठी काढे देऊ नका, नाहीतर प्लेटलेटचा रिपोर्ट चुकीचा येतो. ताप आला तर साधी पॅरासिटामॉल चालते.

जाताना सोबत घ्या: वाळलेल्या स्लाइड, ज्यांच्यावर तारीख पेन्सिलने लिहिलेली असेल, न तोडलेला व्हिडिओ, नोंदींची वही, आजवर दिलेल्या प्रत्येक औषधाचं पाकीट, रिकामं असलं तरी, जुने सगळे रिपोर्ट, आणि लहानपणी नाळ, दात, कान टोचणं या वेळी रक्त कसं थांबलं हे आठवणारं घरातलं एक माणूस. बहुतेक वेळा ती आजी असते. तिला गाडीत जागा ठेवा.